रफार हरवतो कुठे?

मोठ्या पडद्यावरचा संगणक : लेखांक नववा

संगणकाला जोडलेल्या टीव्हीच्या पडद्याची खरी परीक्षा चलच्चित्राने होत नाही, इंग्रजी मजकुरानेही होत नाही. ती देवनागरीने होते. रोमन अक्षराची ओळख बहुतांशी त्याच्या मुख्य अंगातच सामावलेली असते, देवनागरीत मात्र शिरोरेषेच्या वर बसणारे रफार, अनुस्वार, मात्रा आणि वेलांटीचा फाटा, तसेच अक्षराच्या पायाशी असलेले उकार आणि रकार ही बारीक चिन्हेच शब्द कोणता हे ठरवतात, आणि यांतले एखादे चिन्ह पडद्यावर उमटले नाही, तर वाचणाऱ्यासमोर दुसराच शब्द उभा राहतो. मागच्या लेखांकाच्या शेवटी चित्राच्या मागे पडणाऱ्या आवाजाचा विषय या आठवड्यासाठी कबूल केला होता. तो पुढे ढकलला आहे, कारण एका पत्राने त्याहून निकडीचा प्रश्न समोर आणला आहे.

पत्र कर्जत तालुक्यातील जिल्हा परिषद शाळेच्या एका शिक्षिकेचे आहे. त्यांच्या वर्गात भिंतीवर ३२ इंची टीव्ही आहे, त्याला एचडीएमआय तारेने लॅपटॉप जोडलेला आहे, आणि परिसर अभ्यासाच्या तासाला तालुक्याची माहिती दाखवताना सर्वांत वरच्या ओळीतले ‘कर्जत’ हे शीर्षक साऱ्या वर्गाने ‘कजत’ असे वाचले. लॅपटॉपवर रफार जागच्या जागी होता, टीव्हीवर तो नव्हता. त्याच पानावर खाली आलेल्या ‘दुर्ग’ आणि ‘पर्वत’ या शब्दांतले रफार मात्र पुढच्या रांगांतल्या मुलांना दिसले, मागच्या रांगेला दिसले नाहीत. पत्रातली ही शेवटची नोंद फार मोलाची आहे, कारण ती नसती, तर दोन निराळी दुखणी एकच समजली गेली असती आणि एकावरचा उपाय दुसऱ्यावर करण्यात वेळ गेला असता.

हा प्रश्न एका वर्गापुरता नाही. २२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या शासन निर्णयानंतरच्या काळात लोकवर्गणीतून आणि कंपन्यांच्या मदतीतून राज्यभर डिजिटल वर्ग उभे राहिले, आणि ज्या खोलीत खिडक्या उघड्या ठेवूनच शिकवावे लागते तिथे प्रोजेक्टरपेक्षा टीव्ही सोयीचा ठरला. पडदा आला, तार आली, धडे आले. पडद्यावरचे अक्षर मागच्या रांगेपर्यंत कसे पोहोचवायचे हे मात्र संचाबरोबरच्या पुस्तिकेत लिहिलेले नसते, कारण ती पुस्तिका सिनेमा आणि क्रिकेट पाहणाऱ्यासाठी लिहिलेली असते.

पहिले दुखणे वरच्या कडेचे आहे आणि त्याचे नाव ओव्हरस्कॅन. आलेल्या चित्राच्या चारही कडा थोड्या कापून उरलेला भाग पूर्ण पडद्याएवढा ताणणे, याला ओव्हरस्कॅन म्हणतात. ही खोड टीव्हीला जुन्या पिक्चर ट्यूबच्या काळापासून लागलेली आहे. त्या ट्यूबमध्ये चित्राचा आकार विजेच्या दाबावर बऱ्याच अंशी अवलंबून असे. दाब उतरला की चित्र आक्रसे आणि कडेला काळी चौकट दिसू लागे, म्हणून कारखान्यातूनच चित्र काचेच्या कडेपलीकडे थोडे सांडेल असे बसवून देत. कर्जतशेजारच्या खालापूर तालुक्याला विजेच्या या लहरीपणाची वेगळी ओळख करून देण्याची गरज नाही. खोपोलीला घाटाच्या पायथ्याशी टाटांचे जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले, लोणावळा-वळवणच्या तलावांचे पाणी घाटमाथ्यावरून सुमारे अर्धा किलोमीटर खाली येऊन तिथली जनित्रे फिरवू लागले, आणि ती वीज मुंबईच्या गिरण्यांकडे गेली. परिसरातल्या कित्येक वाड्यांना मात्र स्वातंत्र्यानंतरही विजेची वाट पाहावी लागली, आणि ती आल्यावरही संध्याकाळी दाब उतरण्याची सवय करून घ्यावी लागली. टीव्हीशेजारी स्टॅबिलायझर ठेवण्याची पद्धत घरोघरी पडली ती यामुळेच.

कडेचे चित्र कापले जाणार हे गृहीत धरून प्रक्षेपण करणाऱ्यांनी आपापल्या मर्यादा आखून घेतल्या. महत्त्वाची हालचाल चित्राच्या मधल्या ९० टक्के भागात आणि अक्षरे मधल्या ८० टक्के भागात ठेवायची, असा दंडक दीर्घकाळ पाळला गेला. घरगुती संगणकांनीही तोच शहाणपणा दाखवला. ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ हा संगणक मुळातच टीव्हीला जोडण्यासाठी बनवलेला होता, त्याच घराण्यातील ‘स्पेक्ट्रम प्लस’ची परवानाधारक आवृत्ती डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८६ साली भारतात आणली, आणि त्याच्या चित्रात २५६ बाय १९२ ठिपक्यांच्या लेखनक्षेत्राभोवती चारही बाजूंनी रंगीत समास सोडलेला असे, तो कापला गेला तरी चालेल म्हणूनच. आजच्या लॅपटॉपने हा समास सोडणे बंद केले, कारण संगणकाच्या मॉनिटरला कडा कापण्याची सवय नाही. टीव्हीने मात्र, ट्यूब जाऊन सपाट पडदा आला तरी, कापणे पुरते सोडलेले नाही. या दोघांच्या मधल्या फटीत कर्जतचा रफार पडला.

आकडे मांडले म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. पिक्सेल म्हणजे पडद्यावरचा स्वतंत्रपणे उजळणारा सर्वांत लहान ठिपका; फुल एचडी चित्रात असे आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. ओव्हरस्कॅन पाच टक्के धरला, तर डावी-उजवीकडून प्रत्येकी ४८ आणि वर-खालून प्रत्येकी २७ ठिपके कापले जातात. विंडोज १० मधली तळाची पट्टी नेहमीच्या मापाला ४० ठिपके उंच असते, तिच्यातले २७ गेले की निम्म्याहून अधिक पट्टी दिसेनाशी होते, आणि ही तक्रार घेऊन लोक दुकानात जातात. वरच्या कडेला काय गेले याकडे कोणाचे लक्ष जात नाही, कारण तिथे शिरोरेषेच्या वरचे चिन्ह गेलेले असते आणि खालचे ‘कजत’ अगदी धडधाकट, पूर्ण दिसत असते.

कापण्यापेक्षा ताणणे अधिक घातक आहे. कापून उरलेले १८२४ बाय १०२६ ठिपके पुन्हा १९२० बाय १०८० मध्ये पसरवायचे, म्हणजे दर १९ ठिपक्यांचे २० करायचे. एकोणीस वस्तू वीस खणांत सारख्या वाटायच्या, तर प्रत्येक खणात शेजारच्या वस्तूचा थोडा तुकडा येणारच. छोट्या मजकुरात शिरोरेषा अवघी एक ठिपका जाड असते. लॅपटॉपच्या पांढऱ्या पानावर ती शुद्ध काळी रेघ असते. टीव्हीवर ती एखाद्या ओळीत योगायोगाने नेमक्या जागी पडली तर तितकीच काळी दिसते, आणि त्याखालच्या ओळीत दोन ठिपक्यांत वाटली जाऊन दोन करड्या रेघांची एक जाड, मळकट पट्टी बनते. पडद्याजवळ जाऊन भिंगातून पाहिले, तर एकाच परिच्छेदात कुठे रेखीव आणि कुठे पुसट अशा शिरोरेषा आलटून पालटून येताना दिसतात, आणि जिथे ती फुगलेली असते तिथे तिच्यावर टेकलेला अनुस्वार तिच्यात मिसळू लागतो. रोमन लिपीत सगळ्या शब्दांवरून सलग जाणारी अशी रेघच नसल्यामुळे तिथे हा दोष इतका उघडा पडत नाही.

यावरचा उपाय संचातच असतो, फक्त प्रत्येक कंपनीने त्याला निराळे नाव दिलेले असते. चित्राच्या आकाराच्या यादीत सॅमसंगमध्ये ‘स्क्रीन फिट’, एलजीमध्ये ‘जस्ट स्कॅन’, सोनीमध्ये ‘फुल पिक्सेल’, शार्पमध्ये ‘डॉट बाय डॉट’ अशी नावे आढळतात, आणि सर्वांचा अर्थ एकच, की आलेला एक ठिपका पडद्याच्या एकाच ठिपक्यावर बसवावा. ज्या एचडीएमआय खाचेत लॅपटॉप जोडला आहे तिचे नाव यादीतून ‘पीसी’ असे बदलले, की पुष्कळ संच कापणे-ताणणे आपण होऊन बंद करतात आणि रंगांची जी काटकसर पुढे सांगितली आहे तीही सोडतात. ही सोय नसेल, तर वरच्या आणि खालच्या कडेला बोटभर कोरी जागा सोडून पाने तयार करावीत. स्पेक्ट्रमचा तो समास आजही तितकाच कामाचा आहे. शार्पनेसचा आकडाही उतरवून पाहावा, कारण तो वाढवल्याने अक्षर धारदार होत नाही, अक्षराभोवती पांढुरकी कडा मात्र उमटते, आणि शिरोरेषा व रफार यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत ती कडा सर्वांत आधी शिरते.

३२ इंची संचाची आणखी एक अडचण आहे. या मापाचे पुष्कळ संच ‘एचडी रेडी’ असतात, म्हणजे त्यांच्या पडद्यावर १३६६ बाय ७६८ इतकेच ठिपके असतात. पण एचडीएमआय तारेवरून संच संगणकाला आपली ओळख सांगतो तेव्हा तो बहुधा टीव्हीची प्रमाण मापेच सांगतो, ७२० आणि १०८० ओळींची, आणि स्वतःचे ७६८ हे माप यादीत देत नाही. मग संगणक कोणतेही माप पाठवो, संचाला ते ताणावे किंवा आकसावे लागतेच. ज्यांच्या लॅपटॉपला जुनी निळी व्हीजीए खाच आहे, त्यांनी त्या तारेने १३६० बाय ७६८ हे माप मिळते का ते जरूर पाहावे. सहा उभ्या रांगा कोऱ्या राहतात, पण ठिपक्याला ठिपका मिळतो. लॅपटॉपचा आणि टीव्हीचा पडदा एकाच वेळी सारखा दाखवणारी ‘डुप्लिकेट’ रचनाही शक्यतो टाळावी, कारण तिच्यात दोन्ही पडद्यांना झेपेल असे तिसरेच माप निवडले जाऊ शकते. विंडोजचे चिन्ह असलेली कळ आणि पी ही कळ एकत्र दाबून फक्त दुसरा पडदा निवडला, की टीव्हीला स्वतंत्र माप देता येते.

एवढे सगळे केल्यानंतर शीर्षकातला रफार परत येईल. मागच्या रांगेला न दिसलेला ‘पर्वत’मधला रफार मात्र येणार नाही, कारण तो पडद्यावर होताच आणि पुढच्या रांगेला दिसतही होता. हे दुसरे दुखणे अक्षराच्या आकाराचे आहे, आणि या लेखमालेच्या दृष्टीने तेच मोठे आहे.

डच नेत्रतज्ज्ञ हर्मन स्नेलेन यांनी १८६२ साली डोळे तपासण्याचा जो तक्ता तयार केला, तो आजही जगभर सहा मीटरवरून वाचायला देतात, आणि ज्याची नजर निकोप आहे त्याला त्या अंतरावरून सुमारे पावणेनऊ मिलिमीटर उंचीचे अक्षर ओळखता येते. सहा मीटर म्हणजे वीस फूट. भिंतीवरचा टीव्ही आणि वर्गाची शेवटची रांग यांच्यामधले अंतर बऱ्याच शाळांत याच्या आसपास असते. पण स्नेलेनच्या अक्षराची रेघ त्याच्या उंचीच्या एक पंचमांश जाड असते आणि दोन रेघांमधली फटही तेवढीच. देवनागरीत शिरोरेषेपासून पायापर्यंतच्या उंचीशी तुलना केली, तर रफाराची रेघ किंवा अनुस्वार आणि शिरोरेषा यांच्यामधली फट साधारण सातव्या-आठव्या हिश्श्याएवढी, कित्येक फॉन्टांत त्याहूनही बारीक असते. म्हणजे स्नेलेनच्या मापाचे देवनागरी अक्षर सहा मीटरवर ठेवले, तर ‘क’, ‘ज’, ‘त’ ओळखू येतील आणि रफार नजरेच्या मर्यादेखाली राहील. निकोप डोळ्याचे मूल ‘कर्जत’ला ‘कजत’ वाचेल, आणि त्यात त्याचा काहीही दोष नसेल. शिवाय तक्ता वाचणे ही परीक्षा आहे, एकेक अक्षर थांबून, ताणून ओळखायची. धडा आरामात वाचता यायला हवा. म्हणून अक्षराची उंची स्नेलेनच्या मापाच्या किमान तिप्पट असावी, म्हणजे सहा मीटरसाठी सुमारे २६ मिलिमीटर. लक्षात ठेवायला सोपा हिशेब असा, की पडद्यापासून शेवटच्या रांगेपर्यंत जितके मीटर, तितके गुणिले साडेचार मिलिमीटर.

हे माप फॉन्टच्या आकड्यावरून काढू नये. २४ किंवा ३६ हा आकडा लॅपटॉपच्या लेखी असतो; तेच अक्षर ३२ इंची पडद्यावर एका उंचीचे येते आणि ५५ इंची पडद्यावर दुसऱ्या. कंपासपेटीतली सहा इंची पट्टी घ्यावी, ती टीव्हीच्या काचेला अलगद लावावी, ‘क’च्या शिरोरेषेपासून त्याच्या दांड्याच्या टोकापर्यंतचे अंतर मोजावे, आणि अडीच सेंटिमीटर भरेपर्यंत मजकूर वाढवत न्यावा. ही मोजणी एकदा केली की वर्षभर पुरते.

आता या मापाने पडद्यावर किती ओळी बसतात? मात्रा-वेलांट्या वर, उकार खाली आणि दोन ओळींतली मोकळी जागा धरून एका ओळीला अक्षराच्या दुप्पट, म्हणजे बावन्न मिलिमीटर उंची लागते. ३२ इंची संचाची उंची जेमतेम ४० सेंटिमीटर असते. त्यात सात ओळी बसतात. ४३ इंचीत दहा आणि ५५ इंचीत तेरा. हा आकडा कमी वाटण्याचे कारण पडद्याच्या आकारात आहे. टीव्हीचे इंच कर्णावर मोजतात, आणि सोळाला नऊ या रुंद प्रमाणात उंची कर्णाच्या निम्म्याहूनही थोडी कमी येते. चाराला तीन या जुन्या प्रमाणाचा ३२ इंची पडदा असता, तर त्याची उंची जवळजवळ ४९ सेंटिमीटर भरली असती. सोळाला नऊ हे प्रमाण १९८०च्या दशकात अमेरिकी अभियंता कर्न्स पॉवर्स यांनी सुचवले, ते जुना टीव्ही आणि रुंद सिनेमा या दोघांनाही सामावणारा मध्य म्हणून. वहीच्या पानाचा विचार त्यात नव्हता. रोमन लिपीला ही टंचाई फारशी जाणवत नाही, कारण तिच्या ओळी एकमेकींच्या अधिक जवळ बसतात. देवनागरीला उंची हवी असते आणि रुंद पडदा नेमकी तीच हातचे राखून देतो.

या ठिकाणी फॉन्टची निवड महत्त्वाची ठरते, आणि र. कृ. जोशी यांचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. सुलेखनकार, अक्षररचनाकार आणि मराठीत अक्षरांच्याच आकारातून कविता घडवणारे कवी असलेल्या जोशी (१९३६–२००८) यांनी मायक्रोसॉफ्टसाठी ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्ट घडवला, आणि विंडोज २००० पासून भारतातल्या असंख्य संगणकांवर मराठी अक्षर पहिल्यांदा दिसले ते बहुधा मंगलमधून. मंगलच्या दोन ओळींतले अंतर ऐसपैस असते, आणि टंकलेखन करणारे त्याबद्दल नेहमी कुरकुर करतात, कारण कागदावर पाने वाढतात. पडद्यावर मात्र ते अंतर वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीचा रफार यांना एकमेकांत घुसू देत नाही, आणि लांबून वाचणाऱ्याला त्याचा फार मोठा आधार असतो. अलीकडे ‘एक टाइप’ या मुंबईच्या संस्थेचा ‘मुक्त’ हा फॉन्ट विनामूल्य मिळतो आणि त्यात रेघेच्या जाडीचे अनेक पर्याय आहेत. वर्गासाठी त्यातला मध्यम जाडीचा घ्यावा. अतिजाड फॉन्ट लांबून ठळक दिसेल ही समजूत शीर्षकांच्या बाबतीत खरी आहे, पण धड्याच्या मजकुरात जाड रेघा एकमेकींमधल्या फटी खाऊन टाकतात आणि ‘ष’ व ‘प’, ‘ध’ व ‘घ’ यांच्यातला फरक पुसतात.

रंगाचा मुद्दा थोडक्यात. व्हिडिओत उजेडाची माहिती प्रत्येक ठिपक्याची ठेवतात आणि रंगाची माहिती दोन बाय दोन ठिपक्यांच्या चौकोनाला मिळून एकच ठेवतात, कारण डोळा रंगातले बारकावे कमी टिपतो. सिनेमात हे खपून जाते. पण जोडाक्षर शिकवताना मूळ अक्षर निळे आणि रफार लाल करण्याची पद्धत शिक्षकांत प्रिय आहे, आणि गडद निळा व गडद लाल हे दोन्ही रंग उजेडाने मंद असल्यामुळे त्यांच्यातला फरक जवळजवळ सगळा रंगावरच उभा असतो. टीव्ही ही काटकसर करत असेल, तर तो लाल रफार निळ्या शिरोरेषेच्या कडेला जांभळा होऊन विरघळतो. काळ्या पार्श्वभूमीवर पिवळा आणि पांढरा ही जोडी घ्यावी. दोन्ही रंग उजळ आहेत, आणि फळ्यावर दोन रंगांच्या खडूंनी शिकवणाऱ्यांच्या हाताला ती जोडी आधीच ठाऊक आहे.

याच पत्राच्या निमित्ताने एका वेगळ्या वापराचा उल्लेख करायला हवा, कारण तिथे निदान उलटे होते. गटाचे नकाशे आणि सातबारे टीव्हीवर दाखवणे आता ग्रामपंचायतींच्या बैठकांत आणि नेरळ-चौक पट्ट्यातल्या जमिनीच्या व्यवहारांतही सर्रास चालते. गटाच्या हद्दीची रेघ एकच ठिपका जाड असते, ती पाहणारे चार-दोन जण पडद्यापासून हातभर अंतरावर उभे असतात, आणि तिथे अक्षराच्या आकारापेक्षा ठिपक्याला ठिपका बसणेच निर्णायक ठरते. अशा कामाला ४३ इंची फोर-के संच उत्तम, कारण त्याचा ठिपका पाव मिलिमीटरचा, साडेएकवीस इंची फुल एचडी मॉनिटरएवढाच बारीक असतो आणि तसे चार मॉनिटर त्यात बिनफटीचे मावतात. मात्र एचडीएमआयची जुनी १.४ आवृत्ती असलेल्या लॅपटॉपवरून त्यावर सेकंदाला ३० चित्रेच जातात आणि बाण अडखळत सरकतो, त्यासाठी २.० आवृत्ती लागते. तोच संच ग्रामसभेत वीस फुटांवरून सातबारा वाचायला ठेवला, तर त्या बारीक ठिपक्यांचा काही उपयोग नाही. तिथे पुन्हा पट्टी आणि दहा ओळींचा हिशेब; सातबाऱ्याचा एकेक रकाना मोठा करूनच दाखवावा लागेल.

यांतला कोणताही उपाय करण्यापूर्वी पत्र पाठवणाऱ्या शिक्षिकेने एक पान तयार करून पाहावे. पानाच्या चारही कोपऱ्यांत आणि मध्यभागी ‘कर्जत’ लिहावे, मध्यभागी ते पाच निरनिराळ्या आकारांत लिहावे, आणि शेवटच्या रांगेतल्या मुलाला आपल्या वहीत जसे दिसेल तसे उतरवून घ्यायला सांगावे. वरच्या कोपऱ्यांत रफार नसेल, तर संचाची चित्र-आकाराची यादी उघडावी. मधल्या पाच आकारांपैकी ज्यापासून पुढे रफार वहीत उमटू लागतो, तो त्या खोलीचा आकार. निकाल कळवल्यास तो या लेखमालेत देता येईल. चित्राच्या मागे पडणारा आवाज आणि त्यावरचा ‘गेम मोड’चा उपाय पुढच्या आठवड्यात.